पिकते तिथे विकत नाही, हे कोणी ठरवले?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाची वेचणी अर्धवट टाकून आणि ज्वारीच्या राखणीला पोरांना उभे करून तुम्ही इथे आलात. आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, विजेचा आहे, कर्जाचा आहे. ते सगळे होईलच. त्याआधी आम्ही ठाणे-कल्याण-डोंबिवलीला काय पाहून आलो ते सांगायचे आहे, आणि त्यासाठी तुम्हाला थोडा वेळ इटलीच्या खेड्यात न्यायचे आहे. घाबरू नका, तिकीट लागणार नाही.

आम्ही पाच कार्यकर्ते बाजार बघायला म्हणून तीन दिवस तिकडे हिंडलो. ज्वारीचे पीठ, लाह्या, सरकीचे तेल कुठे आणि काय भावाने विकले जाते याची नोंद करायची होती. डोंबिवली स्टेशनाबाहेर पडलो तर समोर एका सहल कंपनीचा भला मोठा फलक. हिरव्या टेकड्या, दगडी घर, द्राक्षांचे मळे. खाली लिहिलेले, ‘इटलीच्या खेड्यात आठ दिवस. कला, जेवण आणि वाईन.’ माणशी दर वाचून आमच्यातला एक जण म्हणाला, "भाऊ, एवढ्यात माझ्या पाच एकरांचे बियाणे, खत आणि फवारणी निघून वर दिवाळी होईल."

आम्ही तिथेच टपरीवर चहा घेत बसलो. त्या इटलीच्या शेतकऱ्याकडे असे काय आहे, की ते बघायला डोंबिवलीचा नोकरदार माणूस आयुष्याची शिल्लक मोडून जातो? भिंतीवरचे चित्र आहे, घरचे जेवण आहे, घरच्या फळाची वाईन आहे. मग आपल्याकडे काय नाही? जुन्या ठाणे जिल्ह्यात वारली चित्र आहे, वाडा कोलम तांदूळ आहे, डहाणू-घोलवडचा चिकू आहे, ताडी आहे, मोहफूल आहे. आपल्या कोरडवाहू मुलखात हुरडा आहे, ठेचा-भाकरी आहे. तरी तोच माणूस इटलीत लाखांनी मोजतो आणि आपल्या ज्वारीला किलोमागे दोन रुपये कमी करून मागतो. आपण मात्र म्हण म्हणून गप्प बसतो, पिकते तिथे विकत नाही! इटलीत पिकते तिथेच कसे विकले गेले, ते आज बघायचे आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. इटली आपल्याला नवी नाही. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचे नाव माहीत नाही, पण त्याची वही टिकली. तीत कल्याणचे नाव आहे. पैठणचे आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचेही आहे. तेरहून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात असे, असे तो लिहितो. आणि भडोचला बाहेरून काय येई? त्यात वाईन येई, आणि तीतही इटलीच्या वाईनला पसंती असे. म्हणजे कापड आपल्या काळ्या मातीतून जायचे आणि वाईन तिकडून यायची. इटलीतले पॉम्पेई शहर सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथल्या उत्खननात एका बाईची हस्तिदंती मूर्ती सापडली. ती हिंदुस्थानी घडणीची आहे, आणि तशाच धाटणीच्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. रोमचा प्लिनी नावाचा लेखक तर तक्रार करतो, की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्याचे पाच कोटी नाणे ओढून नेतो. आज आपल्या गावातून पैसा शहराकडे जातो म्हणून आपण तक्रार करतो. तेव्हा रोमने आपल्याबद्दल केली होती!

पुढे याच कल्याणवरून आपला कापूस उलट्या दिशेने गेला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. तिथून दोन फाटे फुटले. एक बोरघाटातून पुणे-सोलापूरकडे, दुसरा थळघाटातून खानदेश-वऱ्हाडाकडे. हा दुसरा फाटा १८६७ साली नागपूरला भिडला. इंग्रजाने हे रूळ आपल्या आषाढीच्या वारीसाठी टाकले नव्हते. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस हवा होता. तेरचे कापड गाडीत बसून जायचे तेव्हा सूत, वीण आणि रंग यांची मजुरी गावात राहायची. रुळावरून कापूस गेला तो कच्चा गेला, आणि मजुरी गेली मँचेस्टरला. एवढा फरक ध्यानात ठेवा. आजचे सगळे बोलणे याच फरकाचे आहे.

आता इटलीच्या खेड्यात जाऊ.

त्या फलकावरची हिरवी टेकडी तोस्काना नावाच्या प्रांतातली. तिथे शेकडो वर्षे अर्धेलीची शेती होती. जमीन मालकाची, राबणे कुळाचे, पिकाची निम्मी वाटणी. काही करारांत तर घरातल्या पोराच्या लग्नालाही मालकाला विचारावे लागे. आज सहलीवाल्यांना जे सूप मोठ्या कौतुकाने वाढतात ते काय आहे? शिळा पाव, पाल्याची भाजी आणि घेवडा, कालचे उरलेले पुन्हा उकळलेले. त्याचे नावच ‘पुन्हा उकळलेले’ असे आहे. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा करतात, तसे ते गरिबाचे जेवण. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलान आणि तुरीनच्या कारखान्यांत काम मिळू लागले तसे कुळांची पोरे शेती टाकून पळाली. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, तोपर्यंत घरेच्या घरे रिकामी पडली होती. ती घरे पुढे शहरातल्या आणि परदेशातल्या पैसेवाल्यांनी विकत घेतली. फलकावरचे देखणे दगडी घर हे बहुतेक ठिकाणी परागंदा झालेल्या कुळाचे घर आहे, भावांनो. सहलीवाला ही गोष्ट सांगत नाही. आपण ती विसरायची नाही, कारण पुढे आपल्याला मुरबाडला जायचे आहे.

पण जे शेतकरी टिकले त्यांनी काय केले? त्यांनी पाहुणा आपल्या दारात आणला. १९६५ साली त्यासाठी संघटना उभी राहिली. १९८५ साली देशाचा कायदा झाला आणि २००६ साली तो सुधारून नव्याने केला गेला. त्या कायद्याचे मर्म आमच्या कामाचे वाटले. शेतघरी पाहुणे ठेवण्याचा आणि जेवण वाढण्याचा हा परवाना शेती करणाऱ्यालाच मिळतो. शेती मुख्य राहिली पाहिजे, पाहुणचार जोडधंदा. पानात वाढायचे ते आपल्या शेतातले आणि आसपासच्या शेतांतले, त्याचे प्रमाण प्रांतिक सरकार ठरवते. आणि लहान शेतकऱ्याला कागदांचा त्रास नको म्हणून, दहापर्यंत पाहुणे ठेवत असेल तर त्याची शेतीच मुख्य आहे असे कायदा धरून चालतो. म्हणजे शहरातल्या हॉटेलवाल्याने चार बैल बांधून ‘शेतघर’ अशी पाटी लावली तर त्याला तो परवाना मिळत नाही.

दुसरे त्यांनी नाव राखले. कियान्ती नावाची वाईन तिथली. १७१६ साली तिथल्या राजाने फर्मान काढून सांगितले, की कियान्ती म्हणायचे तर या सीमेच्या आतली. सीमा आखून दिली. आणि तिसरे, लहान लहान द्राक्षवाल्यांनी एकत्र येऊन सहकारी तळघरे काढली. इटलीच्या वाईनचा मोठा वाटा आजही अशा सहकारी तळघरांतून निघतो. एकट्याला जे जमले नसते ते शंभरांनी मिळून केले.

आता त्याच गोष्टी आपल्या ठाण्यात कशा झाल्या ते बघा. आपले सरकार आणि त्यांचे सरकार शेजारी शेजारी ठेवून बघा.

मोहफूल हे आदिवासीचे अन्नही आणि पेयही. ताडी ही तर सकाळी उतरवली की गोड नीराच. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारी कायदा केला. गावोगावची गाळणी बंद करून ठेकेदाराच्या मोठ्या भट्टीची दारू लोकांच्या गळी उतरवली आणि ताडाच्या झाडावर कर बसवला. त्यानेही भागेना, तेव्हा १८९२ साली खास मोहफुलांचा कायदा आणला. कुठल्या जिल्ह्यांसाठी? ठाणे आणि कुलाबा! झाडावरून आपोआप गळून पडणारे फूल घरात साठवणे आणि विकणे यांवर बंधने आली. तिकडे सरकारने सीमा आखून दिली ती शेतकऱ्याचे नाव राखायला. इकडे सरकारने कायदा केला तो शेतकऱ्याच्या हातातली वस्तू गुन्हा ठरवायला, ठेकेदाराचा गल्ला भरावा म्हणून. मोहफुले गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध महाराष्ट्र शासनाने उठवले ते २०२१ साली. मोजा, किती वर्षे झाली.

कापूसवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस आपल्याच बैलगाडीत घालून राज्याच्या सीमेपलीकडे नेला तर आपण चोर! मोहफुलाची पाटी लपवणारी वारली बाई आणि रात्रीची कापसाची गाडी हाकणारा वऱ्हाडी शेतकरी, दोघेही एकाच कायद्याच्या जातीचे गुन्हेगार.

वाईनचा विषय निघाला की मायबहिणी सावध होतात, आणि त्यांचे बरोबर आहे. दारूने ज्यांच्या संसाराची राख झाली त्या बाया या सभेत बसल्या आहेत. त्यांच्यासमोर आम्ही वाईनचे गुणगान गाणार नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो. १९८६ साली इटलीत काही व्यापाऱ्यांनी वाईनमध्ये विषारी मिथेनॉल मिसळले आणि वीसहून अधिक माणसे मेली. देशभरच्या वाईनचे नाव बुडाले, जगाने माल उचलणे कमी केले, आणि भोगले ते प्रामाणिक शेतकऱ्यांनीसुद्धा. आपल्याकडे २०१५ साली मुंबईत मालवणीला त्याच मिथेनॉलने शंभरांहून अधिक गरीब माणसे मारली. म्हणजे नाव राखायचे तर गावाने स्वतः पहारा ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट नाशिककडची. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, वायनऱ्या निघाल्या, शेतकऱ्यांनी वाईनच्या जातीची द्राक्षे लावली. २००८ नंतरच्या मंदीत माल उचलला जाईना. वाईनचे द्राक्ष खायला चालत नाही, बाजारात विकता येत नाही. कित्येकांनी वेल उपटून टाकले. इटलीतला शेतकरी तळघराचा भागीदार होता, नाशिकचा शेतकरी कारखान्याला माल घालणारा होता. मंदी दोघांनाही येते, पण भागीदाराला बसून निर्णय घेता येतो आणि माल घालणाऱ्याला फक्त निरोप मिळतो. गाळायचे की नाही हे त्या त्या गावच्या बायांना ठरवू द्या. चिकूची वाईन बोर्डीला होते, कोणी चिकूचे लोणचे घालेल. आमचे म्हणणे एवढेच, की आपल्या फळाचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क पिकवणाऱ्याकडे पाहिजे.

चित्राचेही तसेच आहे. इटलीत सिएना नावाचे गाव आहे. तिथल्या कारभाऱ्यांनी १३३८-३९ साली आपल्या बैठकीच्या दालनात भिंतभर चित्र काढून घेतले. अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती हा चितारी. विषय काय, तर चांगला कारभार असला की शहर आणि शिवार कसे दिसते. चित्रात मळणी चालली आहे, पेरणी चालली आहे, एक जण डुक्कर हाकत बाजाराला निघाला आहे. शहराची वेस आहे. त्या वेशीतून शेतकरी जनावरांवर माल लादून आत येतात आणि त्याच वेशीतून धनिक घोड्यावर बसून शिकारीला बाहेर पडतात. पावणेसातशे वर्षे झाली. आज शनिवारी पहाटे कल्याणच्या पुढे उभे राहा. भाजीचे टेम्पो शहरात येताना दिसतील आणि मोटारी फार्म हाऊसकडे जाताना दिसतील. चित्र तेच आहे. फरक एवढा, की तिथल्या कारभाऱ्यांनी शेतकरी आपल्या बैठकीच्या भिंतीवर काढून घेतला, रोज त्याच्याकडे बघून कारभार करावा म्हणून. आपल्या मंत्रालयाच्या भिंतीवर कोणाचे चित्र आहे ते तुम्ही जाऊन बघा.

आपल्याकडे भिंत वारल्यांनी रंगवली. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढत, शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर. देवी, झाडे, नांगर, तारप्याचा नाच, सगळे शिवार त्यात. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले आणि जिव्या सोमा म्हशे यांची कला जगाला दिसली. म्हशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक नामांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण ठाण्याच्या मॉलमध्ये आम्ही कपांवर, कुर्त्यांवर, पडद्यांवर वारली नक्षी बघितली. दुकानदाराला विचारले, हे कुठल्या पाड्यावरून येते? त्याला माहीत नव्हते. कारखान्यात छापून येते, म्हणाला. वाडा कोलमलाही २०२१ साली नामांकन मिळाले, पण शहरात त्या नावाने विकला जाणारा सगळा तांदूळ वाड्याचा असतो का? कागदावर नाव मिळाले म्हणजे गल्ल्यात पैसा आला असे होत नाही. नाव चालवायला माणसे एकत्र बसावी लागतात. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीच नामांकन आहे. इथल्या किती जणांना माहीत होते? हात वर करा. बघा!

आता मुरबाडची गोष्ट. आम्ही एका फार्म हाऊसवर गेलो. झोके, तळे, भिंतीवर छापील वारली चित्र, ‘गावरान थाळी’ची पाटी. फाटक उघडायला आला तो गडी साठीचा. बोलता बोलता कळले, की ती जमीन त्याच्याच बापाची. पोरीच्या लग्नात आणि आजारपणात विकली. आता तो तिथेच राखणदार आहे. थाळीची भाकरी त्याची बायको थापते. आम्ही विचारले, "बाबा, ज्वारी कुठली?" म्हणाला, "कल्याणच्या बाजारातून येते, मालक आणतो." आपली ज्वारी असेल भावांनो ती, कदाचित तुमच्याच शिवारातली. तोस्कानाच्या दगडी घराची गोष्ट मघाशी सांगितली ती यासाठी. खेडे देखणे होणे आणि खेडे शेतकऱ्याच्या हातातून जाणे या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात.

मग आपण काय करायचे?

कृषी महाविद्यालयात आम्हाला हेक्टरी क्विंटल शिकवले. क्विंटलचे रुपये किती आणि ते कोणाच्या खिशात, हा धडा पुस्तकात नव्हता. तो तुमच्याबरोबर हिंडून शिकलो. तेव्हा एक हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये जाहीर झाला. बाजारात तेवढाही ज्यांना मिळाला नाही ते इथे पुष्कळ असतील. मिळाला असे धरू. किलोला ३७ रुपये. किलोच्या दहा भाकरी धरा. म्हणजे भाकरीमागे शेतकऱ्याला चार रुपयेसुद्धा नाहीत. डोंबिवलीच्या हॉटेलात आम्ही पंचवीस रुपयांना भाकरी खाल्ली. मधल्या एकवीस रुपयांत दळण आहे, सरपण आहे, जागेचे भाडे आहे, आणि थापणाऱ्या बाईचा हात आहे. ते सगळे फुकट होत नाही, कबूल. पण दळण आणि हात तर आपल्या गावात आहेत ना? तेरच्या कापडाची मजुरी तेरला राहत होती, तशी भाकरीची मजुरी आपल्या गावात राहील तेवढी ठेवायची.

सगळ्यात सोपी सुरुवात हुरड्यापासून. दाणा चिकात असताना कणसे मोडायची, गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, हातावर चोळायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरे. शिवाय कणीस गेले तरी हिरवा कडबा जनावराला राहतो. हुरड्यासाठी खास वाण आहेत. राहुरी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर आहेत, परभणीचे परभणी वसंत आहे, आपल्या जुन्या गूळभेंडी आणि सुरतीही आहेत. सगळे रान एकदम पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतराने तुकडे पेरले तर हंगाम लांबतो. पहिल्या वर्षी दहा गुंठे पुरेत. कोणी येवो न येवो, राहिलेली कणसे पिकतील, ज्वारी घरी येईल.

इथे कोणीतरी म्हणेल, आणि मागच्या बैठकीत एका ताईंनी म्हटलेच, "भाऊ, मुरबाडला मुंबई जवळ. आमच्या आडगावाला कोण मरायला येणार?" प्रश्न खरा आहे. सगळ्या गावांना पाहुणे येणार नाहीत, शंभरात चार गावांना येतील. पण कल्याण, डोंबिवली, अंबरनाथला जाऊन बघा. खानदेश, मराठवाडा, विदर्भातून पोटासाठी गेलेली आपलीच माणसे तिथे चाळींत राहतात. त्यांना गावच्या ज्वारीची चव माहीत आहे. पहिले गिऱ्हाईक ते. गावात पाहुणा येत नसेल तर लाह्या, रवा, वाळवलेला हुरडा, पापड त्यांच्या दारात जाऊ शकतो. वऱ्हाड-खानदेशचा कापूस ज्या रुळाने कच्चा गेला, त्याच रुळाने आपला तयार माल गावाचे नाव लावून जाऊ द्या. २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, ठाण्यासारख्या शहरांत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरू लागले. जागा आहे. जायला माणूस पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. उद्या एखादा पुढारी तुम्हाला सांगेल, कापसाच्या भावाचे काय घेऊन बसलात, कृषी पर्यटन करा! राज्याने २०२० साली तसे धोरणही आणले आहे. त्याला सांगा, इटलीचा शेतकरी पाहुणे ठेवतो ते शेतीत बुडाला म्हणून नव्हे. त्याला युरोपच्या सरकारांची मदत आहे. आपल्याकडे ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांचा २०१८ चा अहवाल आहे. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याला मिळालेली मदत सरासरी उणे १४ टक्के निघाली. शरद जोशी उणे सबसिडी म्हणत ती हीच. खिशातून काढून घेणारे सरकार आणि वर पाहुणचार शिकवणार? आपली मागणी तीच आहे, भावाची आणि बाजाराच्या मोकळीकीची. हुरडा त्या मागणीच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही.

शेवटी चार गोष्टी या बैठकीत ठरवू आणि उठू.

पहिली, पाहुण्यासाठी जमीन विकायची नाही. चटणी विका, भाकरी विका, रात्रभराची बाज भाड्याने द्या, सातबारा देऊ नका.

दुसरी, एकट्याने पाटी लावायची नाही. दहा घरांनी मिळून एक नाव घ्यायचे, आणि त्या नावाखाली बाहेरची ज्वारी, बाहेरचे तूप खपवणाऱ्याला त्या दहांनीच बाहेर काढायचे. १९८६ सालची इटली आठवा.

तिसरी, हिशेबाची वही बाईच्या नावाने. चौक तिने काढला, भाकरी तिने थापली, मोहफूल तिने वेचले. १९८६ साली चांदवडला लाखो बाया जमल्या आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीत आपल्या कित्येक भावांनी जमिनी बायकोच्या नावावर केल्या. ज्यांनी जमीन दिली त्यांना वही द्यायला काय हरकत आहे?

चौथी, पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणायचा. गावात काय पिकते, त्याचे गावातच काय करता येते, आणि ते करायला कुठला कायदा, कुठला परवाना, कुठला साहेब आडवा येतो. त्या कागदांवरून आंदोलनाची पुढची मागणी ठरेल.

दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा माणूस आपले कापड गाडीत घालून निघाला तेव्हा त्याला परवाना कोणी विचारला होता की नाही, ते त्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले नाही. पण त्याचे कापड रोमला पोचले आणि गावाचे नावही पोचले. आपल्या पोत्यावर आज कोणाचे नाव असते? व्यापाऱ्याचे. पुढच्या सुगीपर्यंत निदान दहा गावांच्या पिशव्यांवर त्या गावांची नावे आली, तर ही बैठक कामाची झाली असे आम्ही समजू.

वेचणीला उशीर होतो आहे. बोलणे संपले. आता कापसाच्या भावाचा विषय घेऊ.